पट्टेरी सिंहाच्या मागावर

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे जर्मनीत लायपत्सिगला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. एरफुर्टला पोलिसाच्या बाहीवर एक सिंह बघितला. निळ्या ढालीवर उभा, आणि अंगावर लाल-पांढरे आडवे पट्टे. परत येताना फ्रँकफुर्टच्या विमानतळावरच्या पोलिसाच्या बाहीवरही तोच. एरफुर्ट थुरिंगियातलं, फ्रँकफुर्ट हेसेतलं. राज्य वेगळं, सिंह एकच. आमचे हे म्हणाले, "बदली झाली असेल बिचाऱ्याची." एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, त्यामुळे यांना सगळीकडे बदल्याच दिसतात.

घरी आल्यावर शोधलं, तर त्या सिंहामागे एक आख्खं घराणं निघालं. थुरिंगियाचे लांटग्राफ. (हे नाव सोलापुरात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "लांडगा का?") लांटग्राफ म्हणजे साध्या सरदाराच्या वरचा, थेट सम्राटाला जबाबदार असलेला मुलूखदार. घरात जो तो लुडविग, म्हणून इतिहासकारांनी घराण्याचं नाव लुडोविंगर ठेवलं. अकराव्या शतकात डोंगरात एक गढी बांधून सुरुवात केली आणि १२४७ साली पुरुष वारस संपला. दोनशे वर्षांचा खेळ. यंदा सप्टेंबरात पुन्हा जायचं ठरलं तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, पॅरिस करूया." मी म्हटलं, "पॅरिस कुठे पळून जात नाही. मला तो सिंह बघायचाय."

पहिला दिवस, गुरुवार: उडी

लायपत्सिगहून हाले लोकलनं पाऊण तासाच्या आत. स्टेशनवरून ट्रॅम धरून गीबिशेनश्टाइनला गेलो. जाले नदीकाठी तांबूस खडकावर किल्ल्याचे अवशेष आहेत. खाली नदीवर पूल आणि पुलाच्या दोन बाजूंना गेरहार्ड मार्क्स या शिल्पकाराची दोन प्रचंड जनावरं, एकीकडे घोडा, एकीकडे गाय. यांनी अर्धा तास पुलाचंच निरीक्षण केलं.

घराण्याची खरी सुरुवात या खडकावरून सांगतात. घराण्यातला एक लुडविग, ज्याला सगळे 'उडीवाला' म्हणतात, त्याच्यावर सॅक्सनीच्या एका बड्या सरदाराच्या खुनाचा आळ होता. १०८५ सालचा खून. मेलेल्याच्या विधवेशी, आडेलहाइडशी, या पठ्ठ्यानं पुढे लग्नही केलं, म्हणजे लोकांनी बोलायला काही बाकी ठेवलं नसणार. तर त्याला इथे कैदेत टाकलं आणि एक दिवस त्यानं खिडकीतून थेट नदीत उडी मारली, पोहून पार. आम्ही वर उभं राहून खाली वाकून बघितलं. "ही उडी मारली असती तर नदीत नाही, दवाखान्यात पडला असता," हे म्हणाले. अभ्यासकांचंही मत काहीसं असंच आहे. 'सालिकस' या कुळवाचक लॅटिन शब्दाचा कुणीतरी 'उडी मारणारा' असा अर्थ लावला आणि मग नावाला साजेशी गोष्ट जन्माला आली, असं काही जण म्हणतात. आपल्याकडे गावाच्या नावांच्या गोष्टी अशाच तयार होतात की.

एवढं खरं की त्याच १०८५ साली त्यानं राइनहार्ट्सब्रुन इथे मठ स्थापन केला आणि पुढचे बहुतेक लांटग्राफ तिथेच पुरले गेले. पापक्षालनासाठी, असं सांगतात.

संध्याकाळी नाउमबुर्गला मुक्काम. कॅथेड्रल बंद व्हायला तासभर होता. सगळे तिथे ऊटा या सरदारपत्नीचा प्रसिद्ध पुतळा बघायला जातात, मीही बघितला, पण मला थांबवलं एका कोपऱ्यातल्या छोट्या चॅपलनं. आत एलिझाबेथचा तेराव्या शतकातला दगडी पुतळा आहे, आणि खिडक्यांना नेओ राउख या आजच्या लायपत्सिगी चित्रकाराच्या लालभडक काचा. मावळतीचं ऊन त्यातून येत होतं आणि जुन्या दगडाचा चेहरा लाल झाला होता. ही एलिझाबेथ म्हणजे या घराण्याची सून. तिची ओळख पुढे येईलच.

(तिकिटाबद्दल: आम्ही डॉइचलांड टिकीट काढलं होतं. त्यावर देशभरातल्या लोकल, ट्रॅम, बस चालतात, जलद आयसीई चालत नाही. ती मासिक वर्गणी असते. वेळेत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, म्हणून घेतानाच रद्द करायची तारीख लिहून ठेवा.)

दुसरा दिवस, शुक्रवार: माणसांची भिंत

नाउमबुर्गहून फ्रायबुर्ग छोट्या गाडीनं दहा-एक मिनिटं. एक इशारा: हे ऊनश्ट्रुट नदीवरचं फ्रायबुर्ग. ब्लॅक फॉरेस्टमधलं मोठं फ्रायबुर्ग निराळं, आणि ते देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिकीट काढताना नदीचं नाव बघून घ्या.

सकाळी दरीत इतकं धुकं होतं की वरचा किल्ला दिसेचना. द्राक्षमळ्यातून चढत अर्ध्या वाटेवर आलो आणि धुकं खाली बसलं. वर ऊन, खाली पांढरा समुद्र, मधे द्राक्षांचे वेल. सोलापूर-नान्नजकडच्या बागा डोळ्यांखालून गेलेल्या, त्यामुळे मला वाटलं होतं द्राक्षमळ्याचं काय कौतुक. पण हे मळे उभ्या चढावर, दगडी बांध घालून केलेले. एक आजोबा वेलांची पानं खुडत होते. त्यांना हातानं विचारलं, "किती वर्षं?" त्यांनी एक हात स्वतःकडे, एक मागच्या टेकडीकडे आणि एक आकाशाकडे केला. हात दोनच होते, पण मला तीन दिसले.

नॉयनबुर्ग किल्ला १०९० च्या सुमारास त्याच उडीवाल्यानं बांधला. आयझेनाखच्या वार्टबुर्ग किल्ल्याचं नाव जगभर आहे, पण आकारानं नॉयनबुर्ग जवळजवळ त्याच्या तिप्पट. आणि गर्दी म्हणाल तर आम्ही दोघं, एक शाळेची सहल आणि तिकीट खिडकीवरच्या बाई. बाईंना इंग्रजी बरं येत होतं. भारतातून कुणी या किल्ल्यासाठी येईल यावर त्यांचा विश्वास बसेना. "वाईनसाठी आलात ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

इथल्या दोन गोष्टी लुडविग दुसरा याच्या. याला 'लोखंडी' म्हणत. उडीवाल्याचा हा नातू. बापाला ११३१ साली लांटग्राफ ही पदवी मिळाली होती, हा ११४० मध्ये गादीवर आला तेव्हा पोरसवदा होता. सरदार रयतेला पिळत आणि हा गप्प. एकदा शिकारीत वाट चुकून रूला गावच्या एका लोहाराकडे रात्री आसरा मागितला. पाहुणा कोण हे लोहाराला ठाऊक नाही. तो रात्रभर ऐरणीवर घण घालत म्हणत राहिला, "लांटग्राफ, कठीण हो! लांटग्राफ, कठीण हो!" आणि प्रत्येक घावाबरोबर कुठल्या सरदारानं काय लुबाडलं ते सांगत गेला. सकाळी बाहेर पडला तो माणूस दुसराच होता. त्यानं माजलेल्या सरदारांना धरलं, अंगरखे उतरवले आणि चार-चार करून नांगराला जुंपलं. त्या शेताचं नाव 'एडेलआकर', म्हणजे खानदानी लोकांचं शेत. आज त्या नावाचा द्राक्षमळा आहे आणि बाटलीवरही तेच नाव छापतात.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. लोखंडी लुडविगची बायको युटा ही सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाची सावत्र बहीण. मेहुणा किल्ला बघायला आला. सगळं बघून म्हणाला, छान आहे, पण तटबंदी नाही. लुडविग म्हणाला, उद्या सकाळपर्यंत बांधतो. पहाटे बार्बारोसानं खिडकीतून पाहिलं तर किल्ल्याभोवती चिलखत घातलेले सरदार आणि सैनिक खांद्याला खांदा लावून उभे, मधे बुरुजांच्या जागी निशाणं. नांगराला जुंपलेले आणि भिंतीत उभे राहिलेले, दोन्ही तेच सरदार. ११७२ मध्ये लोखंडी इथेच गेला, आणि त्याचं प्रेत राइनहार्ट्सब्रुनपर्यंत सरदारांनी खांद्यावरून न्यावं असा त्याचा हुकूम होता म्हणतात. मेल्यावरही त्यांच्या खांद्यावर बसलाच.

किल्ल्यातलं दुमजली चॅपल मात्र गोष्टीतलं नाही, खरंखुरं दगडातलं आहे. खाली नोकरचाकर, वर धनी, आणि मधल्या जमिनीत भोक, म्हणजे एकच प्रार्थना दोघांना ऐकू जावी पण कुणी कुणाच्या शेजारी बसू नये. वरच्या कमानींना करवतीसारखे दात आहेत. शाळेची मुलं वरच्या भोकातून खालच्या मित्रांना हाका मारत होती. बाई ओरडल्या तशी ती पसार झाली.

याच किल्ल्यात हाइनरिश फॉन फेल्डेके या कवीनं आपलं इनियास या ट्रोजन वीरावरचं महाकाव्य पूर्ण केलं. त्याचं अर्धवट हस्तलिखित एका लग्नात चोरीला गेलं होतं, आणि नऊ वर्षांनी लोखंडीच्या मुलानं, हेर्माननं, ते त्याला मिळवून देऊन पुरं करायला लावलं. लग्नात चपला चोरीला जातात हे माहीत होतं!

दुपारी खाली गावात आलो. सप्टेंबरात इथे 'फेडरवाइसर' मिळतं, म्हणजे अजून आंबत असलेला, दुधट दिसणारा द्राक्षरस. त्याबरोबर कांद्याचा केक खायची पद्धत. मी पीत नाही म्हणून मला नुसता केक आला. दुसऱ्या घासाला दातात काहीतरी चिवट लागलं. डुकराचे बारीक तुकडे! 'त्स्वीबेलकूखन' या शब्दात फक्त कांदाच असतो, तुकड्यांचा उल्लेख नसतो. म्हणून शाकाहारी मंडळींनी दोन शब्द पाठ करा: 'ओने फ्लाइश' आणि 'ओने श्पेक'. पहिला एकटा पुरत नाही, कारण श्पेकला इथे कुणी मांस समजत नाही.

यांनी फेडरवाइसरची बाटली भाच्यासाठी घेतली आणि पिशवीत आडवी ठेवली. त्या बाटलीला मुद्दाम सैल झाकण असतं, नाहीतर आतल्या वायूनं ती फुटेल. हे आम्हाला नाउमबुर्गच्या खोलीत कळलं, यांचे दोन शर्ट आणि माझी मफलर द्राक्षात न्हाल्यावर. बाटली उभीच न्यायची.

तिसरा दिवस, शनिवार: साठ जणांची पडझड आणि एक चर्च

एरफुर्टला भाचा येऊन मिळाला. तिथे तीन तासच काढले, पण तिथली एक हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोखंडीचा थोरला मुलगा लुडविग तिसरा आणि माइंत्सचा आर्चबिशप यांचं भांडण मिटवायला ११८४ च्या जुलैत राजा हाइनरिश सहावा एरफुर्टला आला. बैठकीला इतके सरदार जमले की वरच्या मजल्याची जमीन खचली, ती खालच्या मजल्यावर कोसळली, आणि सगळे थेट तळाच्या शौचकूपात. साठ-एक जण मेले. राजा आणि आर्चबिशप दगडी खिडकीच्या कोनाड्यात बसले होते म्हणून वाचले, लुडविगही वाचला. जर्मनीच्या इतिहासात ही घटना चक्क 'एरफुर्टची संडासपडझड' म्हणून ओळखली जाते. भाचा कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसून हे वाचून दाखवत होता आणि हसू आवरत नव्हतं, मग साठ आकडा ऐकून गप्प झालो.

दुपारी आयझेनाख. सामान टाकून लगेच बाजारपेठेतल्या गेओर्गेनकिर्शमध्ये गेलो. या चर्चची कीर्ती संगीतकार बाखमुळे, १६८५ साली त्याचा बाप्तिस्मा इथे झाला. संगीतप्रेमी दगडी पात्राचे फोटो काढत होते. मी पुढे गेले, कारण भिंतीशी लांटग्राफ उभे होते. राइनहार्ट्सब्रुनमधल्या त्यांच्या समाधीशिळा इथे आणून उभ्या केल्यात. दगडातले सगळे लुडविग ओळीत. शाळेच्या वार्षिक फोटोसारखे. (राइनहार्ट्सब्रुनचा वाडा इतका दुर्लक्षित झाला की २०१८ मध्ये थुरिंगिया सरकारनं तो खाजगी मालकाकडून सक्तीनं ताब्यात घेतला. म्हणून तिकडे वाकडी वाट केली नाही.)

याच चर्चमध्ये १२२१ साली हेर्मानचा मुलगा लुडविग चौथा आणि एलिझाबेथ यांचं लग्न झालं. तो विशीतला, ती चौदाची. हंगेरीचा राजा आंद्राश दुसरा याची ही मुलगी, चार वर्षांची असताना सासरी आणलेली. आधी थोरल्या मुलाशी ठरली होती, तो वारला, मग धाकट्याशी लग्न. गंमत म्हणजे दोघांचं खरंच जमलं.

चर्चमध्ये राखण करायला एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या, विणकाम चालू. त्यांनी भाच्याला जर्मनमधून विचारलं, या बाई शिळांपुढे एवढा वेळ का उभ्या? त्यानं सांगितलं, मावशीला एलिझाबेथची गोष्ट आवडते. मग आजींनी विणकाम ठेवलं आणि त्यांची गोष्ट सुरू झाली. १२२६ चा दुष्काळ. नवरा सम्राटाबरोबर इटलीत. एलिझाबेथनं संस्थानची धान्यकोठारं उघडली, वार्टबुर्गच्या पायथ्याशी आजाऱ्यांसाठी दवाखाना काढला. कारभारी संतापले.

मी भाच्याला म्हटलं, यांना आमच्या दामाजीपंतांचं सांग. मी मंगळवेढ्याजवळची, ही गोष्ट माझ्या अंगात आहे. बेदरच्या बादशहाची कोठारं दुष्काळात दामाजीपंतांनी लोकांना वाटली, बादशहानं पकडून आणायला माणसं पाठवली, आणि ते पोचायच्या आत विठू महाराच्या रूपात विठ्ठलानं दरबारात जाऊन सगळ्या धान्याचे पैसे मोजले आणि पावती घेतली. भाच्याला 'पावती'ला जर्मन शब्द पटकन सुचला, 'महार' समजावताना मात्र तो अडखळला आणि बराच वेळ बोलत राहिला. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या एलिझाबेथचे पैसे कुणी भरले नाहीत." आणि पुन्हा सुया उचलल्या.

चौथा दिवस, रविवार: वार्टबुर्ग

रविवारी दुकानं बंद. शनिवारीच पाव, फळं, पाणी घेऊन ठेवा. आम्ही घेतलं नव्हतं, त्यामुळे न्याहारी स्टेशनवरच्या बेकरीत झाली.

वार्टबुर्गला बस जाते, पण शेवटचा चढ आणि पायऱ्या आपल्याच पायांनी. गुडघेवाल्यांनी वेळ हातात ठेवावा. खाली लहान मुलांसाठी गाढवं मिळतात. यांनी गाढवाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

इथेही उडीवालाच. १०६७ मध्ये शिकार करता करता या डोंगरापुढे आला आणि म्हणाला, "थांब डोंगरा, तू माझा किल्ला होशील!" 'वार्ट' म्हणजे थांब, 'बुर्ग' म्हणजे किल्ला. पण डोंगर होता दुसऱ्याच्या मालकीचा. त्यानं आपल्या शेतातली माती टोपल्यांनी वर आणून पसरली, आणि वाद न्यायसभेत गेला तेव्हा बारा सरदारांनी मातीत तलवारी रोवून शपथ घेतली: आम्ही लुडविगच्याच मातीत उभे आहोत. खोटं एक अक्षर नाही. सातबाऱ्याच्या भानगडी बघत मोठी झालेली माणसं आम्ही, आम्हाला या गोष्टीत नवल काहीच वाटलं नाही. किल्ल्याची पहिली लेखी नोंद १०८० ची आहे.

मुख्य वाडा, पालास, बाराव्या शतकातला, लोखंडीच्या काळात सुरू झालेला. आम्ही मार्गदर्शकाबरोबर आत गेलो. गायकांच्या दालनात हेर्मान पहिल्याच्या दरबारात १२०६-०७ च्या सुमारास कवींची जीवघेणी स्पर्धा झाली अशी दंतकथा, तिचं मोरित्स फॉन श्विंडनं १८५० च्या दशकात काढलेलं भलंमोठं भित्तिचित्र. हरणाऱ्याला फाशी असा करार. वाग्नरनं त्यावर ऑपेरा केला. कवी मात्र खरे होते. वोल्फ्राम फॉन एशेनबाख या दरबारी होता, आणि वाल्टर फॉन डेअर फोगेलवाइडेनं तक्रार करून ठेवली आहे की इथे इतका गोंगाट की कानाचा विकार असलेल्यानं येऊच नये, आणि दारू हजार पौंडांना झाली तरी इथल्या सरदाराचा पेला रिकामा राहायचा नाही. कानांची तक्रार करणारा कवी मला फार जवळचा वाटला. आमच्या गल्लीत डीजे असतो.

एलिझाबेथच्या खोलीच्या भिंती-छत सोन्याच्या मोझॅइकनं मढवलंय, पण ते १९०२ ते १९०६ मधलं, कैसर विल्हेल्मची भेट. तिला असलं काही नको होतं, हे त्या झगमगाटात उभं राहून आठवत राहतं. बाहेरच्या दालनात श्विंडनं तिची गोष्ट रंगवली आहे. प्रसिद्ध प्रसंग गुलाबांचा. टोपलीत लपवून भाकरी खाली घेऊन चाललेली, वाटेत नवऱ्यानं अडवलं, पदर दूर केला तर आत गुलाब. ही दंतकथा. मला त्यापेक्षा नवऱ्याचं एक वाक्य मोलाचं वाटलं, जुन्या चरित्रात नोंदलेलं. इटलीहून परतल्यावर कारभाऱ्यांनी तक्रारींचा पाढा वाचला, तर तो म्हणाला, तिला देऊ दे हवं ते, वार्टबुर्ग आणि नॉयनबुर्ग तेवढे माझ्याकडे राहिले म्हणजे झालं. परवा एक पाहिला होता, आज दुसऱ्यात उभी होते. मी यांना म्हटलं, "ऐकलंत?" हे म्हणाले, "आपला फ्लॅट तेवढा राहू दे."

पुढच्याच वर्षी तो धर्मयुद्धाला निघाला आणि जहाजावर चढता चढता ओत्रांतोला तापानं गेला. ११ सप्टेंबर १२२७. धाकटी मुलगी त्याच्या मृत्यूनंतर जन्मली. वीस वर्षांची विधवा, तीन मुलं. दिरानं, हाइनरिश रास्पेनं, तिला हिवाळ्यात बाहेर काढलं अशी कथा. ती आपणहून गेली असंही अभ्यासक मांडतात. लोककथा म्हणते, आयझेनाखमध्ये कुणी दार उघडलं नाही, पहिली रात्र डुकरांच्या गोठ्यात काढली.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची खोली याच किल्ल्यात. १५२१-२२ मध्ये लपून राहून अकरा आठवड्यांत बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला. तिथे इतकी रांग की आम्ही डोकावून बाहेर आलो.

दुपारी भाचा लायपत्सिगला परतला आणि हे मोटारींच्या संग्रहालयात गेले. आयझेनाखला पूर्व जर्मनीच्या काळात 'वार्टबुर्ग' नावाची मोटार बनायची, १९९१ पर्यंत, शेवटची दोन-तीन वर्षं सोडता तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक. दीड तासांनी बाहेर आले ते इतके खूश की मला त्या इंजिनाचं चित्र रुमालावर काढून दाखवलं.

संध्याकाळी थुरिंगियाचे प्रसिद्ध बटाट्याचे गोळे, 'क्लोस', मशरूमच्या रश्श्याबरोबर. आत तळलेल्या पावाचे तुकडे असतात. चव सोज्वळ. म्हणून पर्समधली सोलापुरी शेंगाचटणी काढून वर भुरभुरवली. वाढणारी मुलगी थबकली, मग तिनंही चमच्याच्या टोकावर चाखली, आणि आतून स्वयंपाक्याला बोलावून आणलं. तो दोन क्लोस जास्तीचे घेऊन आला. अर्धी पुडी त्यालाच देऊन टाकली.

पाचवा दिवस, सोमवार: मारबुर्ग

मधल्या एका स्टेशनावर जोडगाडी रद्द झाली, दीड तास बसलो. साध्या गाड्यांनी हा पल्ला गाठणार असाल तर निम्मा दिवस धरा. सरहद्द कुठे ओलांडली कळलंही नाही. हेसे राज्यात आलो होतो.

आणि पहिली माझीच चूक: सोमवारी किल्ल्यातलं संग्रहालय बंद. तिथल्या संग्रहात लांटग्राफ कोनराडची, एलिझाबेथच्या धाकट्या दिराची, तेराव्या शतकातली ढाल आहे, तिच्यावर हाच सिंह. ज्या सिंहासाठी एवढी वणवण केली तो कुलपाआड. जर्मनीत सोमवार कुठल्याही संग्रहालयासाठी ठेवू नका.

मग एलिझाबेथकिर्शमध्ये गेलो. १२२८ मध्ये इथे येऊन तिनं विधवा म्हणून वाट्याला आलेल्या पैशातून दवाखाना बांधला आणि स्वतः आजाऱ्यांची धुणीभांडी, मलमपट्टी केली. तिचा धर्मगुरू कोनराड फॉन मारबुर्ग अतिशय कडक, फटके देणारा माणूस, त्याचं वागणं वाचून आजही राग येतो. १७ नोव्हेंबर १२३१ ला ती गेली, चोविसाव्या वर्षी. १२३५ मध्ये पोपनं संतपद दिलं, आणि ज्या सासरच्यांना तिची लाज वाटत होती त्यांनीच त्याच वर्षी तिच्या समाधीवर या चर्चचा पाया घातला. पुढच्या वर्षी अस्थी वर काढल्या तेव्हा सम्राट फ्रीडरिश दुसरा स्वतः आला आणि तिच्या मस्तकावर सोन्याचा मुकुट ठेवला. चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, आतला भाग आणि सोन्याची पेटी बघायला छोटं तिकीट आहे. ते घ्याच.

पेटी रिकामी आहे. १५३९ मध्ये हेसेचा लांटग्राफ फिलिप यानं अस्थी काढून घेतल्या, यात्रा बंद व्हावी म्हणून. तो ल्यूथरच्या पक्षाचा झाला होता. आणि हा फिलिप एलिझाबेथचाच वंशज. पणजीच्या पणजीची हाडं पोत्यात घालून नेणारा नातू! शेजारच्या दालनात हेसेचे लांटग्राफ दगडी पलंगांवर ओळीनं निजलेत.

वंशज कसा, तर ते वर गावात गेल्यावर समजतं. मारबुर्ग सगळं चढावर, पण वरच्या गावात जायला लिफ्ट आहे, फुकट. (हे जर्मनीतलं यांचं सर्वांत आवडतं स्थळ.) एलिझाबेथचा मुलगा हेर्मान १२४१ मध्ये अठरा-एकोणीसचा असताना वारला. गादी हाइनरिश रास्पेकडे. त्यानं १२४६ मध्ये पोपच्या पाठिंब्यावर सम्राटाविरुद्ध राजा म्हणून निवडूनही घेतलं, लोक त्याला 'पाद्र्यांचा राजा' म्हणून हिणवत. नऊच महिन्यांत, फेब्रुवारी १२४७ मध्ये, वार्टबुर्गवर मेला. तीन लग्नं, मूल नाही. संपलं घराणं.

मग भाऊबंदकी. मायसेनचा हाइनरिश एका बाजूला, तो लांटग्राफ हेर्मान पहिल्याचा मुलीकडून नातू. दुसऱ्या बाजूला एलिझाबेथची मुलगी सोफी, ब्राबांटच्या ड्यूकची नुकतीच झालेली विधवा. १२४८ मध्ये ती आपल्या तीन-चार वर्षांच्या पोराला घेऊन मारबुर्गला आली आणि या बाजारात उभं राहून त्याला लोकांसमोर धनी म्हणून जाहीर केलं. सतरा वर्षं वारसायुद्ध चाललं. १२६४ मध्ये वाटणी झाली: थुरिंगिया मायसेनला, हेसे सोफीच्या मुलाला. म्हणून त्या पोराचं नाव इतिहासात 'हाइनरिश बाळ' असंच राहिलं, म्हातारा होऊन मेला तरी.

बाजारात त्या मायलेकरांचं शिल्प आहे. त्याच्या पायाशी बसून दोन विद्यार्थी फलाफल खात होते. आम्हीही तेच घेतलं आणि शेजारी बसलो. मी फोनवर नकाशा बघत होते तर मारबुर्गच्या वर एदर नदीवर एक गाव दिसलं, बाटेनबेर्ग. याच हेसे घराण्याच्या एका शाखेनं एकोणिसाव्या शतकात या गावाचं नाव घेतलं, आणि इंग्लंडमध्ये असताना १९१७ मध्ये त्याचं इंग्रजी करून टाकलं: माउंटबॅटन. आपला शेवटचा व्हाइसरॉय. यांना सांगितलं तर हे शिल्पातल्या पोराकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपल्याकडची वाटणीसुद्धा याच घरातल्यानं केली."

नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या दारावर १५२४ चं एक कोरीवकाम आहे. एलिझाबेथ उभी, आणि पुढे लांटग्राफांची ढाल. ढालीवर आमचा सिंह. वरच्या घड्याळातला यांत्रिक कोंबडा तास झाला की पंख फडफडवतो, तो बघायला लोक माना वर करून उभे होते, त्यामुळे दारापाशी कुणी नव्हतं. मी जवळ जाऊन निवांत बघितलं.

परत स्टेशनवर एक पोलीस कॉफी घेत उभा होता. हे सरळ त्याच्या बाहीपाशी गेले आणि बोट धरून मोजू लागले. तो आधी दचकला, मग हात पुढे केला. "दहा," हे म्हणाले. एरफुर्टच्या फोटोत आठ आहेत, आणि भोवती आठ चांदण्या. "बघ," मला म्हणाले, "वाटणीत यांना दोन पट्टे जास्त मिळाले, त्यांना चांदण्या." पोलिसानं भाच्याला फोन लावून नेमकं काय चाललंय ते विचारून घेतलं, मग यांच्या फोनमध्ये स्वतःच्या बाहीचा फोटो काढून दिला. थोडा हललाय, पण पट्टे मोजता येतात.